माझ्या टाचा आणि विहीणबाई

"विहिणीचं पाय धुवायचं कुणी इसरायचं न्हाई बरं का," अक्का म्हणाल्या, आणि मी हातातला कप खाली ठेवला.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. परंदवडीत आमची घरं शेजारी शेजारी आहेत, मधे फक्त एक पेरूचं झाड. माझ्या मुलाचं लग्न ठरवायला लोणावळ्याहून मुलीकडचे आले होते. बैठक छान चालली होती. मुलगी सगळ्यांना आवडली होती, मुलाला तर आधीच आवडली होती, कारण आंबीच्या ज्या कंपनीत तो कामाला आहे तिथेच ती हिशेबाच्या खात्यात होती. आमच्याकडून कसलीच मागणी नव्हती. म्हणून अक्कांना चुकल्यासारखं झालं असावं. मुलाकडचे म्हणून काहीतरी मागितलं पाहिजे, आणि पैसा मागायचा नाही तर निदान मान मागावा, असा त्यांचा विचार. लग्नात मुलीच्या आईने मुलाच्या आईचे पाय धुवायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. हल्ली बरेच जण ती सोडून देतात. अक्का काही सोडून देणाऱ्यातल्या नाहीत.

मुलीची आई हसून म्हणाली, "धुणार की! हौसेने धुणार. आणि खरं सांगू का, त्यात माझा हातखंडा आहे. बाजाराजवळ माझं पार्लर आहे ना, बायका सगळ्यात जास्त पायांसाठीच येतात."

मी हळूच दोन्ही पाय साडीत ओढून घेतले आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत. त्यांना निरोप द्यायलाही उठले ती साडी लोळवतच गेले.

आता माझे पाय कसे होते ते सांगायला हवं. लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळी गोठा, मग शेत, आणि दोन्हीकडे अनवाणी. चप्पल शेतात रुतते आणि गोठ्यात घसरते, म्हणून ती तळेगावला जाण्यापुरती. टाचांना आणि अंगठ्याच्या खाली असे घट्टे पडले होते की एकदा बाभळीचा काटा टाचेत मोडला ते मला समजलंच नाही. घरात आल्यावर फरशीवर टकटक वाजायला लागलं, तेव्हा आमचे मालक म्हणाले, "नाल ठोकून घेतली का काय?" थंडीत या टाचांना भेगा पडत. आमच्याकडे त्याला जळवात म्हणतात. माझी मुलगी शेजारी झोपायची, पण पांघरूण वेगळं घ्यायची. माझी टाच लागली की चादरीचे धागे निघतात, अशी तिची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती.

इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण आता ज्या बाईने आयुष्यभर लोणावळ्यातल्या गोऱ्यापान, मऊ पायांची सेवा केली ती माझी टाच हातात धरणार होती. ती काय म्हणेल? आपण आपली मुलगी कुठल्या घरात देतोय, असं तिच्या मनात येईल का? त्या दिवशी भाकरी थापताना माझं लक्ष माझ्या पायांकडेच होतं. लग्नाला दोन महिने होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वजरी घेतली. आमच्या मोरीत एक जुनी, काळी, खरखरीत वजरी आहे. मी मोरीवर बसले आणि भांड्याचा तळ घासावा तशी टाच घासली. पांढरी पूड पडायला लागली तसा मला हुरूप आला. चार दिवस सकाळ-संध्याकाळ घासलं. पाचव्या दिवशी टाच लाल झाली आणि मी पंजांवर चालायला लागले.

मुलीने ते पाहिलं. ती तळेगावला फार्मसी शिकते. आमच्या घरात औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणारी ती एकटीच.

"आई, किती घासलंस? असं खरवडलं की कातडीला वाटतं, आपल्यावर हल्ला झालाय. ती आणखी जाड होते."

"मग काय करू? तसंच घेऊन बसू मांडवात?"

"घासायचं नाही. मऊ करायचं. थांब, मी सांगते काय काय लागतं ते."

तिने वहीचं एक पान फाडलं आणि मला समोर बसवून शिकवायला लागली. काही गोष्टी जाड कातडी सैल करतात. काही गोष्टी पाणी ओढून कातडीत धरून ठेवतात, जसं ग्लिसरीन. आणि काही गोष्टी वरून झाकण घालतात, म्हणजे पाणी उडून जात नाही, जसं पेट्रोलियम जेली किंवा तेल. ती एवढं गंभीरपणे सांगत होती की मी मान डोलवत राहिले. मला आपलं भाताचं खाचर दिसत होतं. आधी चिखलणी, मग पाणी, मग ते पाणी जाऊ नये म्हणून बांध. तिला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबर! सरांपेक्षा सोपं सांगितलंस."

"आणि चिखलणी कशानं करायची?"

"त्यातलं सगळ्यात चांगलं म्हणजे युरिया."

मालक शेजारी जेवत होते. त्यांचा घास हातात राहिला. "युरिया? पायाला?"

"हो बाबा. पायाच्या क्रीममध्ये युरिया असतो."

"मंग इकत कशाला आनायचा? गोठ्याच्या खोलीत अर्धं पोतं पडलंय की."

मुलगी हसली. तिला वाटलं बाबा थट्टा करताहेत. मलाही तसंच वाटलं. पण आमचे मालक थट्टा फार कमी करतात, हे आम्ही दोघी त्या वेळी विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी कॉलेजला गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. पडवीत खुर्ची मांडली होती, खुर्चीपुढे घमेलं, घमेल्यात चुलीवरचं कढत पाणी. शेजारी एका डब्यात पांढरे दाणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्यासाठी असा थाट त्यांनी कधी मांडला नव्हता. मला भरून आलं. मी काही न विचारता खुर्चीत बसले.

त्यांनी दोन मुठी दाणे पाण्यात टाकले आणि काठीने ढवळले. "घाल पाय."

मी पाय घातले. पाणी पार कोमट लागलं.

"आवं, हे तर निवलंय."

"निवंल कसं? आत्ता वतलंय. बोट घालवत नव्हतं!" त्यांनी आणखी एक मूठ टाकली, ढवळलं. पाणी आणखी निवलं. चुलीवरून आणखी कढत पाणी आणलं, त्याच्या जोडीला पुन्हा एक मूठ. असा तो खेळ बराच वेळ चालला. ते पाणी तापवून आणत होते आणि त्यांचाच युरिया ते गार करत होता. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता खेचून घेतो, हे मला नंतर मुलीकडून कळलं. त्या वेळी मालकांना वाटलं की दोष माझ्या पायांचा. "तुझं पायच लय थंड," असं म्हणून ते चौथ्यांदा चुलीकडे गेले.

तेवढ्यात मुलगी आली. तिचा एक तास झाला नव्हता म्हणून लवकर आली होती. तिने घमेलं पाहिलं, डबा पाहिला, मालकांच्या हातातलं पातेलं पाहिलं.

"बाबा! ते खत आहे!"

"युरिया म्हंजी युरियाच ना? तूच बोल्लीस."

"अहो, औषधातला वेगळा शुद्ध करतात. याच्यावर लेप असतो. पोत्यावर लिहिलंय बघा, नीम कोटेड."

मालकांचा चेहरा उजळला. "मंग तर लय झ्याक! कडूलिंब कातडीला चांगलाच आसतोय."

मुलगी माझे पाय नळाखाली धरून धुवायला लागली. मला हसूही येत होतं आणि मालकांचं वाईटही वाटत होतं. ते घमेलं उचलून परसात गेले आणि पाणी मेथीच्या वाफ्याला घातलं. जाताना म्हणाले, "निदान हिचं तरी भलं व्हईल." मेथी दोन दिवसांत जळून गेली. त्यानंतर त्यांनी माझ्या पायांबद्दल एक अक्षर काढलं नाही.

त्या शनिवारी मी आणि मुलगी तळेगावला मेडिकलमध्ये गेलो. तिने तीन ट्यूब मागितल्या आणि तिथेच उभी राहून मागची अक्षरं वाचायला लागली. एकीत दहा टक्के युरिया, ती हाताला ठीक. एकीत चाळीस, ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. मधलीत पंचवीस. "ही घेऊ," ती म्हणाली. "जाड भागालाच लावायची. भेगेत नाही, झोंबेल. आणि सॅलिसिलिक ॲसिड सध्या नको, टाच तू आधीच सोलून ठेवलीयस."

दुकानदार बिचारा ऐकत होता. त्याने मला विचारलं, "मावशी, ही तुमची कोण?"

"लेक," मी म्हणाले. मला उगाच उंच झाल्यासारखं वाटलं.

रोज अंघोळीनंतर पाय टिपायचे, ओलसर असतानाच क्रीम लावायचं, वर आमसुलाचं तेल चोळायचं आणि सुती मोजे घालायचे. आमसुलाचं तेल माझ्या आईच्या घरी कायम असे. कोकमाच्या बियांचं तेल, थिजून त्याचा पांढरा गोळा होतो. तो दिव्यावर धरून पातळ करायचा आणि भेगेत सोडायचा. मुलगी नाक मुरडेल असं वाटून मी ते भीतभीतच सुचवलं होतं, तर ती म्हणाली, झाकण म्हणून हेच उत्तम. मला फार बरं वाटलं. वहीच्या त्या पानावर निदान एका ओळीत माझी आई होती.

चैत्रातल्या उन्हात मोजे घालून फिरणारी परंदवडीतली मी एकटीच बाई असेन. तरी पंधरा-वीस दिवसांत फरक दिसला. भेगांच्या कडा खाली बसल्या. चादर टाचेला अडकेना. मुलगी म्हणाली, असंच चालू ठेव, लग्नापर्यंत छान होईल.

पण मला धीर नव्हता. आणि अक्कांच्या हातात फोन होता.

अक्का दिवसभर फोनवर बायकांचे व्हिडिओ बघतात. त्यांनी काहीतरी मागवलं. खोक्यात दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, मोज्याच्या आकाराच्या, आत बुळबुळीत पाणी. तासभर पायात घालून बसायचं, आठवड्याने पाय बाळासारखे होतात, असं त्या व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं. आधी अक्का स्वतःच घालणार होत्या. पण मुलीने त्यांना बजावलं होतं की तुम्हाला साखर आहे, पायाला असलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही. म्हणून त्यांनी त्या पिशव्या मला आणून दिल्या.

"घाल गं. टाकून दिऊन काय करायच्या?"

मुलगी परीक्षेच्या अभ्यासासाठी मैत्रिणीकडे होती. मी खोक्यावरचं वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं मुंगीएवढी. मोठ्या अक्षरात तेवढं 'फळांचा अर्क' असं लिहिलेलं दिसलं. फळांनी काय होणार आहे, असं म्हणून मी पाय आत घातले. तासभर टीव्हीसमोर बसले, मग धुवून टाकलं. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. अक्का म्हणाल्या, "फशिवलं मेल्यांनी," आणि आम्ही ते विसरून गेलो.

सहाव्या दिवशी बस्ता होता.

लग्नाच्या साड्यांची खरेदी म्हणजे बस्ता. आम्ही तळेगावच्या एका मोठ्या दुकानात जमलो होतो. आमच्याकडून मी आणि अक्का, त्यांच्याकडून विहीणबाई. चपला खाली काढून वरच्या मजल्यावर गेलो. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढऱ्याशुभ्र गाद्या अंथरलेल्या. मी साडी सावरून मांडी घालून बसले. दुकानातला माणूस एकामागून एक साड्या उलगडायला लागला.

थोड्या वेळाने मला गादीवर कांद्याच्या सालीसारखं काहीतरी दिसलं. पातळ, पांढरट, बोटाएवढं. साडीच्या वेष्टणाचा तुकडा असेल म्हणून मी बाजूला सारला. मग दुसरा दिसला. मग तिसरा, हा चांगला हातभर नाही तरी वीतभर म्हणावा असा. मी साडी किंचित वर करून पाहिलं. माझ्या डाव्या पायाचा तळवा साप कात टाकतो तसा सुटत होता. उजवा त्याच्या मागोमाग होताच.

दुकानातल्या माणसाने एक तुकडा उचलला. उजेडात धरला. "ताई, हे कशाचं कव्हर पडलंय?"

अक्का वाकून बघायला लागल्या. मी साडी पायांवर ओढून घेतली. गादी फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

विहीणबाईंनी तो तुकडा पाहिला, मग माझ्या साडीच्या काठाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. त्या झटकन माझ्या शेजारी सरकून बसल्या आणि दुकानातल्या माणसाला म्हणाल्या, "ते राहू दे. ती वरची नऊवारी काढा. हां, ती मोतिया रंगाची. नाही नाही, तिथे नको, इथे पसरा. पूर्ण उलगडा." आणि ती अख्खी नऊवारी त्यांनी माझ्या पायांवर पसरून घेतली. मग साडीचा पोत बघतोय असं दाखवत माझ्या कानाशी आल्या.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"प्लॅस्टिकचे मोजे घातले होते ना?"

मी लहान मुलीसारखी मान हलवली. "सहा."

"अजून चार-पाच दिवस निघेल. ओढू नका. कच्ची कातडी निघाली तर आग होईल."

"मला माहीत नव्हतं हो. फळांचा अर्क लिहिलं होतं."

"फळांचंच ॲसिड असतं ते," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्याला हसू आवरेना. मलाही आवरेना. दोघी नऊवारीच्या काठाकडे बघत गदागदा हलत होतो. अक्कांना वाटलं साडी फार आवडली.

आवडली नसती तरी घ्यावी लागली असती, कारण तिच्या घडीत माझा एक तुकडा गेला होता. विहीणबाईंनीच ती अक्कांना मानाची म्हणून घेतली. अक्कांच्या कपाटातली ती सगळ्यात लाडकी साडी आहे. तिच्याबद्दल मी आजवर त्यांना काही सांगितलेलं नाही.

निघताना विहीणबाई मला म्हणाल्या, "बुधवारी दुपारी पार्लरवर या. एकट्याच या."

बुधवारी बेगडेवाडीहून दुपारची लोकल धरून मी लोणावळ्याला गेले. पार्लर लहानसं होतं, चिक्कीच्या दुकानांच्या मागच्या बोळात. त्यांनी काचेच्या दारावरचा पडदा ओढला, मला खुर्चीत बसवलं आणि माझा पाय गुडघ्यावर घेतला. मी डोळे मिटून घेतले. डॉक्टरकडे सुई टोचण्याआधी मिटतात तसे.

त्या बराच वेळ अंगठ्याने घट्टा दाबून बघत होत्या. मग म्हणाल्या, "शेतात अनवाणी जाता ना?"

"हो. आता लग्न होईपर्यंत चप्पल घालते."

"आणि लग्नानंतर?"

"लावणीला कोण चप्पल घालतं?"

"मग हा सगळा काढायचा नाही. हा काढला तर ढेकळांवर चालणार कशाने? भेगा भरायच्या, कडा मऊ करायच्या, बाकीचा राहू दे. घट्टा कापायला ब्लेडची पत्ती तर कधीच लावायची नाही. काय लावता सध्या?"

मी त्यांना पंचवीस टक्क्यांचं सांगितलं. त्या खूश झाल्या. आमसुलाच्या तेलाचं सांगितलं तर कपाळावर हात मारला. त्यांच्या सासूबाई तेच लावायच्या आणि यांनी वास येतो म्हणून घरातून हद्दपार केलं होतं. आता तेच डबीत घालून 'कोकम बटर' म्हणून येतं आणि पुण्या-मुंबईच्या बायका हौसेने मागतात. "डबीवर इंग्रजीत लिहिलं की वास जातो," त्या म्हणाल्या. मग मी त्यांना मालकांच्या घमेल्याची हकिगत सांगितली. त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

खाली बसल्या तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. उन्हाळ्यात, स्वतःच्या दुकानात, त्यांनी बंद बूट घातले होते. बैठकीला आल्या तेव्हाही त्यांच्या पायात जाड मोजे होते, ते मला आत्ता आठवलं. बस्त्यालाही होते.

"तुमचे पाय बघू," मी म्हणाले.

"माझे कशाला?"

"बघू तरी."

त्यांनी आढेवेढे घेतले. मग दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि बूट काढले. दोन्ही पायांना करंगळीवर कुरुपं, चवड्याखाली रुपयाएवढे पिवळे घट्टे, टाचा माझ्यापेक्षा काही फार बऱ्या नव्हत्या. सकाळी दहापासून रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत त्या उभ्याच असतात. दुसऱ्यांचे पाय मऊ करायचे, त्यांचे स्वतःचे कोण करणार?

"गिऱ्हाइकासमोर मी कधी बूट काढत नाही," त्या म्हणाल्या. "पार्लरवालीचेच पाय असे म्हटल्यावर कोण येईल? आणि आता लग्नात मांडवात अनवाणी फिरायचंय. तुमच्याकडच्या बायका माझ्या पायांकडेच बघणार. तुमच्या त्या अक्का तर नक्की."

इतके दिवस मी त्यांना भीत होते आणि त्या आम्हाला भीत होत्या. मी खुर्चीतून उठले.

"बसा इथे."

"अहो, काहीतरीच काय! मी मुलीची आई. मी धुवायचे तुमचे."

"ते मांडवात. इथं कोण बघतंय?"

मी टबात कोमट पाणी घेतलं, बोट घालून पाहिलं, आणि त्यांचे पाय आत ठेवले. त्यांनी ओशाळून पाय दोनदा ओढले. मग हळूहळू त्यांचे खांदे खाली आले आणि मान खुर्चीला टेकली. मी घट्टे चोळत होते, माझ्या हातांना तेवढं जमतं, म्हशीचा सडही हलक्या हातानेच धरावा लागतो. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "इतक्या वर्षांत या खुर्चीत मी पहिल्यांदा बसलेय."

तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आल्या. कडी नीट लागली नसावी. डोळ्यांवर मोठा गॉगल, बंगल्यातल्या असाव्यात. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि विहीणबाईंना म्हणाल्या, "अरे वा, नवीन बाई ठेवल्या का? हात छान दिसतोय त्यांचा. माझ्या पायांना कधी वेळ देतील?"

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले, पण पाय टबातून काढले नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "नाही हो. त्या फक्त नातेवाइकांचेच करतात."

लग्न सोमाटण्याजवळच्या कार्यालयात झालं. दुपारच्या पंगतीआधी पाय धुण्याचा कार्यक्रम. मला पाटावर बसवलं, पुढे पितळी परात. अक्का मोतिया नऊवारी नेसून अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुठे काही कमी पडू नये म्हणून. विहीणबाईंनी माझे पाय परातीत घेतले. पाय गुलाबी वगैरे झाले नव्हते. पण भेगा भरल्या होत्या आणि कातडी हाताला मऊ लागत होती. त्यांच्या अनवाणी पायांकडे मी पाहिलं. तेही बरे दिसत होते.

पाणी घालता घालता त्यांनी टाच दाबली आणि कपाळाला आठी घातली. "चार दिवस क्रीम लावलेलं नाही तुम्ही," त्या पुटपुटल्या.

"लग्नघर हो. कुठं वेळ मिळतो?"

"अहो, पुन्हा कोरडं पडलंय."

त्यांनी पाय पुसले, हळद लावली, कुंकू लावलं. मग कमरेची पिशवी उघडली, ट्यूब काढली आणि भर मांडवात माझ्या दोन्ही टाचांना क्रीम चोळलं. मला हसू दाबताना ठसका लागला.

अक्का पुढे वाकल्या. "ही कंची रीत म्हनायची?"

"आमच्याकडे लोणावळ्यात असंच असतं," विहीणबाई मान वर न करता म्हणाल्या.

अक्कांनी समाधानाने मान डोलावली.

हे सगळं गेल्या वर्षीचं. यंदा तिकोणा पेठेला अक्कांच्या माहेरी, त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. आम्ही सगळे गेलो होतो. मुलीच्या आईने वरमाईचे पाय धुतले, हळदकुंकू वाहिलं आणि उठायला लागली. तशा अक्कांनी हात आडवा केला.

"थांबा. किरीम लावायचं राहिलं की."

मुलीची आई गोंधळली. तिच्याकडे क्रीम कुठलं असायला! तिकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, असली रीत आम्ही कधी ऐकली नाही. अक्का म्हणाल्या, "तुमाला म्हाईत न्हाई. लोनावळ्याकडची हाय. मोठ्या घरात करत्यात." शेवटी एका पाहुणीच्या पर्समधून हाताला लावायची छोटी ट्यूब निघाली आणि वरमाईच्या पायांना ते लावण्यात आलं. गुलाबाच्या वासाचं होतं. वरमाईला फार आवडलं. तिने दुसरा पायही स्वतःहून पुढे केला.

माझी मुलगी मागे उभी होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, त्यात युरिया किती टक्के आहे विचारू का?"

मालक तिच्या पलीकडे होते. त्यांनी ऐकलं आणि ते सरळ जेवणाच्या मांडवाकडे निघून गेले.